टाइल्स लागायच्या आधी शॉवरच्या काचेचं माप देऊ नका

ताई, तुमची पोस्ट वाचली आणि आमचं घर आठवलं. तुमचा साताऱ्यातला फ्लॅट, साडेचार बाय साडेसात फुटाचं बाथरूम, घरात वयस्कर सासू-सासरे, टाइल्स अजून लागायच्यात आणि दुकानदार मागं लागलाय की माप आत्ताच देऊन टाका, रेट वाढणारेत. अजिबात देऊ नका. काच ८ एमएम जाडीची की १० एमएमची, दार स्लायडिंग की उघडणारं, हे तुम्ही विचारलंय, तेही सांगतो, पण आधी हे.

आम्ही सांगलीत राहतो. दुकानाचं नाव घेत नाही, उगाच वाद नको. माप घ्यायला आलेल्या पोरानं टेप एकदाच लावला, कमरेएवढ्या उंचीवर, तोही नुसत्या प्लॅस्टरवर, आणि "टाइलचं मायनस करतो काका" म्हणून निघून गेला. आता टाइल म्हणजे काय नुसती टाइल असते का, मागं सिमेंटच्या मालाचा थर येतो, भिंत जिथं दबलेली असेल तिथं मिस्त्री जास्त माल भरतो, त्यामुळं भिंत ओळंब्यात आली तर आली, नाहीतर खाली एक माप आणि वर दुसरं. आमची काच आली ती वरच्या बाजूला बरोबर आणि खाली पाच-सहा एमएम जास्त. बसेचना.

मी म्हटलं घासून द्या. तर होत नाही म्हणे, आणि ते खरंच होत नाही. टफन काच ६०० डिग्रीच्या वर तापवून हवेच्या झोतानं झटकन गार करतात, त्यामुळं बाहेरचा थर दाबाखाली राहतो आणि आतला ताणाखाली. एकदा टफन झाली की कापायला किंवा भोक पाडायला गेलं तर सगळीचा चुरा होतो. कापणं, भोकं, कडा घासणं सगळं आधीच. मग हे माहीत असलेल्या दुकानानं एका उंचीवर टेप लावून ऑर्डर टाकलीच कशी? तर उत्तर काय, "भिंत वाकडी आहे, आमचा काय संबंध." मिस्त्री म्हणतो, "काचवाल्यानं बघून घ्यायला नको व्हय?" दोघंही चहा पिऊन गेले, नवीन काचेचे पैसे आम्ही भरले. आणि दुसरी काच आणली ती भीतीपोटी इतकी अरुंद की वर बोटभर फट, तिथं टूथपेस्टसारखं सिलिकॉन कोंबलं, पहिल्याच पावसाळ्यात ते काळं पडलं.

म्हणून, टाइल्स आणि ग्राउट, म्हणजे टाइलच्या सांध्यातला भराव, पूर्ण झाल्यावरच माप, तेही खाली, मध्ये आणि वर असं तीन ठिकाणी, आणि समोर उभं राहून भिंतीला ओळंबा किंवा लेझर लावून घ्यायचा. पाच मिनिटांचं काम आहे.

आता तुमचे प्रश्न. मी काही इंटेरियरवाला नाही, पटलं तर घ्या. ८ एमएम घरच्या बाथरूमला पुष्कळ झाली. दोन फूट बाय साडेसहा फुटाचं दार ८ एमएममध्ये २४ किलोच्या आसपास जातं, १० एमएममध्ये ३० किलो, आणि ते सगळं बिजागऱ्यांवर लटकतं. भिंत हलक्या ब्लॉकची असेल तर साधा प्लग-स्क्रू कालांतरानं ढिला होतो, तिथं केमिकल अँकर, म्हणजे भोकात रसायन भरून पक्का केलेला बोल्ट, मागा. बिजागरी एसएस ३०४ (स्टेनलेस स्टील) किंवा पितळी, चकचकीत जस्ताची नको, फुगून सोलते. काचेच्या कोपऱ्यात टफन असल्याचा शिक्का असतो, तो बघूनच पैसे द्या.

स्लायडिंग मला पटत नाही. खालच्या ट्रॅकमध्ये केस आणि साबण साचतो आणि ते कोण खरवडणार? खरं सांगू का, सासू-सासरे वापरणार असतील तर दारच नको. अडीच फुटाची एकच फिक्स काच, वरून सपोर्ट रॉड, बाजूला जायला दोन फूट मोकळं. दार हवंच असेल तर बाहेर उघडणारं घ्या, आत कुणी घसरून दाराला टेकून पडलं तर आत उघडणारं दार ढकलता येत नाही. आणि टॉवेल रॉडला धरून म्हातारी माणसं उठतात, तो त्यासाठी नसतो, वेगळा ग्रॅब बार, म्हणजे धरून उठायचा दांडा, भिंतीत बसवा. उंबरा शक्यतो नको, त्याऐवजी उतार नीट पाणी जायच्या जाळीकडं काढून घ्या, बादलीभर पाणी ओतून बघितल्याशिवाय मिस्त्रीला सोडू नका.

पांढऱ्या डागांचं म्हणाल तर तुमच्याकडं कास तलावाचं पाणी येत असेल तर एवढा त्रास नसावा, आमच्या बोअरच्या पाण्यानं काच दुधाळ होते. आंघोळ झाली की वायपर मारायचा, आठवड्यातून एकदा पाण्यात लिंबाचं सत्त्व घालून पुसायचं, फक्त मार्बलला ते लागू द्यायचं नाही. काचेवर डाग बसू नयेत म्हणून कोटिंग करून देणारे लय बोलतात, वायपर मारायचा कंटाळा असेल तर कोटिंग काही कामाचं नाही.

दुकानदाराला रेट लॉक करायचाच असेल तर थोडा ॲडव्हान्स द्या, पण बिलावर "फायनल माप टाइल्सनंतर, माप चुकल्यास काच दुकानाची" एवढं लिहून सही घ्या. सही द्यायला का-कू करत असेल तर दुसरं दुकान बघा. आणि दार करणारच असाल तर ती भिंत विटेची आहे का ब्लॉकची तेवढं इथं टाका, मग बिजागऱ्यांचं बोलू.