थेरपिस्ट शोधताय? फीच्या आधी हे विचारा

ताई, तुम्ही लिहिलंय की नागपुरात धंतोलीतल्या एका थेरपिस्टचा नंबर महिनाभर मोबाइलमध्ये पडून आहे, एकदा इमारतीच्या खालपर्यंत जाऊन परत आलात, आणि सगळ्यात मोठी भीती म्हणजे 'सासरी कळलं तर'. हे वाचल्यावर राहवलं नाही, म्हणून मोठं उत्तर लिहिते आहे. मी डॉक्टर नाही, शाळेत शिकवते. जे लिहिते ते माझ्या अनुभवावरून, तेवढ्याच बेताने घ्या.

थेरपीचा उपयोग होतो का, यात मी शिरत नाही. नंबर सेव्ह केलात म्हणजे ते तुम्हाला पटलेलं आहे. गाडी अडलीय ती 'कळलं तर' पाशी. आणि ती भीती मनाचे खेळ आहेत असं मी तुम्हाला मुळीच सांगणार नाही, कारण माझ्या बाबतीत खरंच कळलं होतं.

आई गेल्यानंतर माझी झोप उडाली. वर्गात फळ्याकडे वळलं की छाती धडधडायची, खडू हातात तसाच राहायचा. ओळखीतून शहरातल्या एका समुपदेशन केंद्राचं नाव कळलं. इथे ते लिहीत नाही. रिसेप्शनवर रजिस्टर उघडं पडलेलं. नाव, मोबाइल नंबर आणि पुढे 'समस्या' असा रकाना. माझ्या वरच्या ओळीत एका बाईचं आडनावासकट नाव होतं आणि पुढे निळ्या पेनने 'नवऱ्याशी पटत नाही'. फॉर्मवर घरच्या एका माणसाचा नंबर मागितला. आमचे हे कायम दौऱ्यावर, म्हणून दिरांचा दिला.

पुढे शाळेच्या परीक्षांमुळे एक भेट हुकली, तर समुपदेशकाने स्वतः दिरांना फोन केला. वहिनींनी सिटिंग चुकवू नये, त्यांच्या मनात सासूबाईंबद्दल बराच राग साचलाय, हे त्यांच्या कानावर घातलं. संध्याकाळी पोळ्या लाटता लाटता जाऊ म्हणाली, "आमचा एवढा त्रास होते तं आम्हाला सांगायचं नं बाई, बाहेर काऊन सांगितलं?" सासूबाई पुढे कितीतरी दिवस माझ्याशी सरळ बोलल्या नाहीत. खरं तर त्या खोलीत मी आईबद्दलच जास्त बोलले होते. सासूबाईंचा विषय ओघात आला होता, तेवढाच उचलून घरी पोचवला गेला.

केंद्रात जाऊन विचारलं तर उत्तर मिळालं, "आम्ही फॅमिलीला सोबत घेऊन चालतो, तुमच्या भल्यासाठीच केलं." मग बाहेर तक्रार करायचं ठरवलं, तेव्हा कळलं की तक्रार करायला जागाच नाही. भिंतीवर लॅमिनेट केलेली सर्टिफिकेटं होती, पण सगळी छोट्या-छोट्या कोर्सची. कुठल्याही परिषदेकडे त्या गृहस्थांची नोंदणी नव्हती. त्यानंतर मी कितीतरी काळ कोणाकडेच गेले नाही. माझं खरं नुकसान ते झालं. घरातली बोलणी विसरली गेली, पण तो वाया गेलेला काळ परत आला नाही.

म्हणून डिग्री पाहा असं मी सगळ्यांना सांगते. डिग्रीने माणूस प्रेमळ होत नाही हे मलाही कळतं. पण त्याने चूक केली तर त्याला जाब विचारणारं कोणी आहे का, हे डिग्रीवरून आणि नोंदणीवरून कळतं. मनोविकारतज्ज्ञ, म्हणजे सायकिअॅट्रिस्ट, हे एमबीबीएसनंतर पुढे शिकलेले डॉक्टर असतात, औषधं लिहून देऊ शकतात, आणि त्यांची नोंदणी महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे असते. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट औषधं देत नाहीत, थेरपी देतात. त्यांची नोंदणी दिल्लीच्या रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाकडे असते आणि ती ऑनलाइन तपासता येते. नुसता 'समुपदेशक' असा बोर्ड मात्र आपल्याकडे वर्षानुवर्षं कोणीही लावत आलंय. २०२१च्या केंद्रीय कायद्याने समुपदेशकांनाही नोंदणीच्या कक्षेत आणलं, हे चांगलं झालं, पण ती नोंदणी सगळीकडे रुळेपर्यंत आपण आपलं पाहावं. एकाच बोर्डवर पत्रिका, करिअर आणि विवाह समुपदेशन लिहिलेलं दिसलं की माझा आजही संताप होतो. तिथे जाणारा माणूस आधीच खचलेला असतो हो! समुपदेशकांत उत्तम माणसंही आहेत, माझ्या एका सहकारी बाईंना अशाच एका ताईंनी सावरलं. पण निवडायची वेळ आली तर पहिल्यांदा नोंदणी असलेल्याकडे जा, हे माझं ठाम मत.

आता फोनवर काय विचारायचं. फी नंतर. आधी विचारा : माझी माहिती कोणाकोणाला कळते? रिसेप्शनवर कारण सांगावं लागतं का? अपॉइंटमेंटबद्दल फोन फक्त मलाच येईल ना? आणीबाणीसाठी नंबर घेता, तो कधी वापरता? २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिलेला आहे, त्यामुळे यात संकोचण्यासारखं काही नाही. नीट काम करणारा माणूस या प्रश्नांवर चिडत नाही. मला पुढे ज्या क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट बाई मिळाल्या, त्यांनी मी विचारायच्या आधीच सांगितलं होतं की इथलं बोलणं बाहेर जाणार नाही. अपवादही सांगितले : तुमच्या किंवा दुसऱ्या कोणाच्या जिवाला धोका असेल, लहान मुलावर अत्याचार होत असेल, किंवा कोर्टाने मागितलं तर. अपवाद स्पष्ट सांगितले म्हणूनच बाकीच्यावर माझा विश्वास बसला.

फोनवर 'पॅकेजचे पैसे आधी भरा' म्हणाले तर तिथे जाऊ नका. दोन-तीन भेटींनंतर पटलं नाही तर बदलायची मोकळीक हवी, पैसे अडकले की ती जाते.

दिसण्याच्या भीतीबद्दल. धंतोली-रामदासपेठेत एकेका इमारतीत हाडांचे, दातांचे, त्वचेचे, पोटाचे डॉक्टर असतात. लिफ्टमध्ये कोणी भेटलं तरी तुम्ही कुठल्या मजल्यावर, कशाला चाललात हे त्याला कळत नाही. पण ओळखीतून मिळालेला थेरपिस्ट टाळा. नागपुरात दोन माणसांमध्ये तिसरा ओळखीचा निघतोच, तेव्हा घरच्यांच्या वर्तुळाबाहेरचा शोधा. व्हिडिओ कॉलवर पुण्या-मुंबईचेही मिळतात. घरात खोली नसेल तर गाडी सावलीत लावून बोलता येतं, मी बोललेय. फक्त मे महिन्यात दुपारची वेळ घेऊ नका.

पैशांची अडचण असेल तर नागपूरची सरकारी रुग्णालयं आहेत : मेडिकल, मेयो आणि मिहानमधलं एम्स, तिन्हीकडे मनोविकार विभाग आहे. मानकापूरच्या प्रादेशिक मनोरुग्णालयातही ओपीडी चालते. १८६४पासूनची संस्था आहे ती. मानकापूरचं नाव काढून आपल्याला लहानपणी धाक घातला जायचा, त्यामुळे तिकडे पाय वळत नाही हे समजू शकते. पण तिथे ओपीडीत दाखवायला जाणं म्हणजे भरती होणं नव्हे. सरकारी ठिकाणी गर्दी असते, बोलायला निवांत वेळ मिळेलच असं नाही. निदान आणि औषधासाठी मात्र ती खात्रीची जागा आहे.

जाता जाता, झोप नाही आणि थकवा आहे म्हणता तर थायरॉइड, बी-१२ आणि हिमोग्लोबिन तपासून घ्यायचं का, हे आपल्या नेहमीच्या डॉक्टरांना विचारा. थेरपीऐवजी नव्हे, सोबत. आणि गोळ्या सुरू झाल्या तर परिणाम दिसायला काही आठवडे लागू शकतात. बरं वाटलं म्हणून मनाने बंद करू नका, डॉक्टरांना विचारूनच कमी करा.

जगावंसं वाटत नाही असे विचार येत असतील तर मात्र अपॉइंटमेंटची वाट पाहू नका. टेली-मानस ही सरकारी हेल्पलाइन आहे, १४४१६, चोवीस तास, मोफत, मराठीत बोलता येतं. घरातल्या एखाद्या विश्वासाच्या माणसाला सांगा, किंवा सरळ मेडिकलच्या कॅज्युअल्टीत जा.

पहिल्या भेटीत सगळं सांगायची सक्ती नसते. मी पहिल्या वेळी फक्त झोपेबद्दल बोलले, आणि बाईंनी त्याहून जास्त काही विचारलं नाही. तुम्हीही तेवढंच सांगा. आणि त्यांच्या फॉर्मवर घरच्या नंबरची जागा असेल तर तुमच्या एखाद्या मैत्रिणीचा नंबर द्या, अर्थात तिला विचारून.