घरच्या माणसाला ऑपरेटिंग सिस्टीम नकोच असते

हायकूसारखी हलकी, देखणी आणि फुकट ऑपरेटिंग सिस्टीम (संगणक चालवणारी मूळ प्रणाली, जशी विंडोज) घरोघरी का पोचत नाही, आणि पोचायला तिला काय लागेल, असं तुम्ही विचारलंय. ‘ॲप्स हवीत’ हे उत्तर तुम्हाला दहा जण देतील. ते चूक नाही, पण माझ्या मते ती दुसरी पायरी झाली. आधी ती दुकानातून येतानाच संगणकात असायला हवी.

हे हायकूच्याच घराण्यात घडून गेलंय. हायकू बेतलीय ती बीओएसवर. ॲपलमधून बाहेर पडलेल्या झाँ-लुई गासे यांनी १९९० मध्ये बी नावाची कंपनी काढली, तिची ही सिस्टीम. मार्च २००० मध्ये त्यांनी पाचवी आवृत्ती फुकट वाटली, आणि तीही केवढी सोय करून! विंडोजमध्येच ५१२ एमबीची एक फाइल तयार व्हायची आणि सगळी बीओएस त्या फाइलीत मावायची. हार्ड डिस्कचे भाग पाडा, बॅकअप घ्या, काही नाही. आयकॉनवर डबल क्लिक केलं की थोड्या वेळात तुम्ही बीओएसमध्ये. करून बघायला इतकी सोपी सिस्टीम आजही विरळाच. तरी ती बुडाली.

त्याआधी हिताचीनं जपानमध्ये विंडोज आणि बीओएस दोन्ही घातलेले संगणक विकायला काढले होते. पण चालू करताना ‘यातली कुठली हवी?’ असं विचारणारा पडदा गिऱ्हाइकाला दिसतच नसे. मायक्रोसॉफ्टनं संगणक बनवणाऱ्यांशी केलेल्या करारांमुळे तो दाखवता येत नाही, असं बीचं म्हणणं होतं. म्हणजे घरात आणलेल्या मशीनवर बीओएस होती, पण ती शोधून, खटपट करून जागी करावी लागायची. कोण करणार? २००१ मध्ये बीनं आपली मालमत्ता पाम या हातात मावणारे छोटे संगणक बनवणाऱ्या कंपनीला १ कोटी १० लाख डॉलरना विकली. २००२ मध्ये मायक्रोसॉफ्टवर दावा लावला, २००३ मध्ये २ कोटी ३२ लाख ५० हजार डॉलरवर तडजोड झाली (मायक्रोसॉफ्टनं चूक कबूल केली नाही). वरातीमागून घोडं.

आता ॲप्सकडे येतो. मी एकदा हौसेनं बाबांच्या जुन्या लॅपटॉपवर अशीच एक छोटी सिस्टीम टाकली, नाव राहू दे. बाबा खूश, मशीन पळायला लागलं. पेपर वाचले, विजेचं बिल भरलं. रविवारी ताईला व्हिडिओ कॉल लावायची वेळ आली आणि कॅमेराच सुरू होईना. मी तासभर खाटखुट केली. बाबा काही बोलले नाहीत, फक्त फोन उचलून त्यावरून कॉल लावला. लॅपटॉप तेव्हापासून कपाटात आहे. दहापैकी नऊ गोष्टी चालतात हे आपल्यासारख्यांना कौतुकाचं वाटतं. घरच्या माणसाचं त्या न चालणाऱ्या दहाव्या गोष्टीपाशी सगळं संपतं.

याच्या उलट उदाहरण स्टीम डेकचं. २०२२ मध्ये व्हाल्व या गेम कंपनीनं हे हातात धरून खेळायचं यंत्र आणलं. आत लिनक्स ही फुकट मिळणारी ऑपरेटिंग सिस्टीम आहे, पण घेणारा लिनक्स घेत नाही, गेम खेळायचं यंत्र घेतो. विंडोजसाठीचे गेम लिनक्सवर चालवणाऱ्या प्रोटॉन या सॉफ्टवेअरवर व्हाल्व २०१८ पासून उघडपणे काम करत होती. यंत्र एकच, त्यामुळे आवाज, वायफाय, यंत्र झोपवणं-उठवणं (स्लीप) हे सगळं त्या एकाच हार्डवेअरवर घासून घेता आलं.

हायकूकडे व्हाल्वसारखा पैसा नाही. २००१ पासून बहुतांशी स्वयंसेवकांच्या जिवावर चाललेलं काम आहे ते. पहिली बीटा (म्हणजे अजून चाचणीतली) आवृत्ती २०१८ मध्ये आली, पाचवी २०२४ मध्ये. तरी मला विचाराल तर त्यांनी जगातला प्रत्येक लॅपटॉप चालवायच्या मागे लागू नये. जुन्या बाजारात ढिगानं मिळणारं एखादं ऑफिसातलं मॉडेल धरावं आणि त्यावर कॅमेरा, प्रिंटर, ब्लूटूथ, झोपेतून उठणं, सगळं शंभर टक्के चालवून दाखवावं. मग गल्लीतला जुने लॅपटॉप दुरुस्त करून विकणारा दुकानदारच ती टाकून देईल, कारण लायसन्सचे पैसे वाचतात आणि गिऱ्हाईक तक्रार घेऊन परत येत नाही.

तुम्हाला स्वतःला बघायची असेल तर पेन ड्राइव्हवरून चालवून बघा, हार्ड डिस्कला हात लावावा लागत नाही. आणि कॅमेरा चालतोय का ते सगळ्यात आधी तपासा.