फुप्फुसाभोवती हवा साठली, आता पुढे?

मुलगा २१ वर्षांचा, उंच, सडपातळ. मार लागला नाही, तरी न्यूमोथोरॅक्स (फुप्फुसाभोवती हवा साठणं) कसा झाला?

हा आजार अशाच तरुणांत जास्त दिसतो, सिगारेट ओढणाऱ्यांत तर आणखी. फुप्फुसाच्या वरच्या टोकाला पातळ भिंतीचे फोड असतात. एखादा फुटला की हवा बाहेरच्या पोकळीत शिरते आणि फुप्फुस आकसतं. मुलगा तेव्हा नुसता बसलेलाही असू शकतो. एका बाजूला अचानक कळ येते, श्वास घेताना ती वाढते. एक-दोन दिवसांत ती ओसरते आणि इथेच फसगत होते: दुखणं थांबलं तरी फुप्फुस आकसलेलंच असू शकतं.

डॉक्टर म्हणतात, हवा काढायला छातीत नळी नको, थांबू. हा हलगर्जीपणा नाही ना?

दम लागत नसेल आणि फुप्फुस एरवी निरोगी असेल, तर नाही. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमधल्या ३१६ रुग्णांच्या अभ्यासात (२०२०) हवा बरीच साठलेली असूनही, थांबून पाहिलेल्यांपैकी सुमारे ८५ टक्क्यांना नळी लागली नाही. हवा हळूहळू शोषली जाते, त्याला काही आठवडे लागतात. मात्र घरी सोबत हवी, रुग्णालय जवळ हवं आणि एक्स-रेची तारीख चुकवायची नाही.

वडील ६४ वर्षांचे, पूर्वी टीबी झालेला. हवा थोडीच, तरी भरती केलं. छातीतल्या नळीला जोडलेल्या पाण्याच्या बाटलीतले बुडबुडे थांबत नाहीत.

भरती योग्यच. आधीच खराब झालेल्या फुप्फुसाला थोडी हवाही झेपत नाही आणि छिद्र बुजायलाही वेळ लागतो, म्हणून बुडबुडे काही दिवस चालतात. बाटली उभी आणि छातीच्या खालीच ठेवा; बाटलीतल्या नळीचं टोक पाण्याखाली साधारण २ सेंटीमीटर हवं. बुडबुडे येत असताना नळीला चिमटा कधीही लावू देऊ नका. हवा आत कोंडली तर हृदयावर दाब येतो, जीव जाऊ शकतो. श्वासाबरोबर नळीतलं पाणी वरखाली व्हायचं थांबलं तर नर्सला लगेच सांगा. नळी मुडपली असेल, अडकली असेल किंवा फुप्फुस पूर्ण फुगलंही असेल. खात्री एक्स-रेनेच होते.

पुन्हा होईल का? विमानप्रवास, स्कूबा (हवेची टाकी घेऊन पाण्याखाली पोहणं)?

पहिल्या वेळेनंतर साधारण तिघांपैकी एकाला पुन्हा होतो. सिगारेट पूर्ण बंद. त्याच बाजूला दुसऱ्यांदा झाला तर दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेबद्दल सर्जनशी बोला. एक्स-रे पूर्ण स्वच्छ आल्यावर निदान ७ दिवस विमानप्रवास नको. तारकर्लीचं स्कूबा मात्र कायमचं विसरा. दोन्ही बाजूंची शस्त्रक्रिया झाली असेल तरच तज्ज्ञांना विचारा. दम वाढला, ओठ निळे पडले किंवा भोवळ आली तर ताबडतोब १०८.