वाचकांचे प्रश्न : पालवी लवकर फुटतेय का?

प्रश्न : युरोपात तापमानवाढीमुळे वसंतातली पालवी लवकर येते असं वाचलं. आमच्या निफाडच्या द्राक्षबागेतही तसंच होणार का? (एक बागायतदार)

उत्तर : तिकडे हिशेब सरळ आहे. झाडाला आधी थंडीचे तास पुरे व्हावे लागतात, मग ऊब साचली की डोळे (फांदीवरचे कोंब) फुगतात. 1971 ते 2000 या काळात युरोपातली वसंताची लक्षणं दर दशकाला सुमारे अडीच दिवसांनी अलीकडे सरकली. पण हिवाळा फारच उबदार गेला तर थंडी अपुरी पडते आणि पालवी उलट रेंगाळते.

नाशिकात तारीख ठरवते ती तुमची कात्री. छाटल्यानंतर डोळे किती दिवसांत आणि किती एकसारखे फुटतील, एवढंच हवामानाच्या हाती. रात्रीचा पारा 10 अंशांच्या खाली गेला की वेलीची वाढ जवळपास थांबते. म्हणून गोडी छाटणी (फळांसाठी ऑक्टोबरच्या सुमारास होणारी) उशिरा केली, तर डोळे मागेपुढे फुटतात. त्यावर हायड्रोजन सायनामाइडचं (डोळे एकसारखे फोडणारं रसायन) पेस्टिंग, म्हणजे डोळ्यांवर लेपन, करतातच, काडीच्या (वेलीच्या फांदीच्या) जाडीनुसार लिटरला साधारण 30 ते 40 मिली. जाड काडीचं प्रमाण बारीक काडीला लावलं तर डोळा करपतो. हातमोजे घाला, आणि त्या दिवसांत दारू अजिबात नको, विषबाधा होते.

खरी धास्ती एप्रिलच्या खरड छाटणीची (फळं निघाल्यावर नव्या काड्यांसाठी होणारी). पारा 40 च्या पुढे आणि हवा कोरडी, मग ओलांड्यावरचे (वेलीच्या आडव्या जाड फांदीवरचे) डोळे सुकतात, मधेच उघडी जागा राहते. फूट दिसेपर्यंत ओलांड्यावर दिवसातून दोन-तीनदा नुसतं पाणी फवारा. मुळाशी वाफसा हवा, चिखल नव्हे.