उन्हाळ कांद्याचं उळं (रोपासाठीचं बी) कधी टाकावं आणि लागवड कधी करावी?

तुम्ही लिहिलंय की गेल्या वर्षी दसऱ्याच्या आधीच रोप टाकलं, नोव्हेंबरच्या मध्यात लागवड केली आणि जानेवारीच्या शेवटी वावरभर डेंगळे, म्हणजे फुलांचे दांडे निघाले. बियाणं खराब होतं का, असंही विचारलंय. बियाणं कधीकधी खरंच भेसळीचं निघतं. पण तुमच्या तारखा वाचल्यावर मला तरी आधी तारखांवरच संशय आला, कारण हीच चूक मी स्वतः निफाड तालुक्यातल्या माझ्या वावरात केली आहे. पाऊस लवकर उघडला म्हणून घाई केली आणि निम्मा माल डेंगळ्यात गेला. ते वर्ष मी विसरलेलो नाही.

कांदा मुळात दोन वर्षांचं पीक आहे. पहिल्या वर्षी गड्डा, दुसऱ्या वर्षी फूल आणि बी. पण झाड अंगानं जाड झालेलं असताना डिसेंबर-जानेवारीची कडक थंडी बरेच दिवस लागली, तर ते त्याच हंगामात दांडा काढतं. बारीक, कोवळ्या रोपाला तीच थंडी लागली तरी फारसं बिघडत नाही. तुमचं पीक थंडी येईपर्यंत दीड महिन्याचं होऊन चांगलं माजलं होतं. आमच्याकडे पारा दहाच्या खाली उतरतो, तिथे हे हमखास होतं.

म्हणून मी उळं ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यापासून नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंत टाकतो. थंडीत रोप हळू वाढतं, लावण्याजोगं व्हायला 50 ते 55 दिवस लागतात. म्हणजे लागवड डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात बसते आणि कांदा एप्रिलमध्ये, फार तर मेच्या सुरुवातीला निघतो. वावर सोयाबीन किंवा मक्याखालून कधी मोकळं होणार ते आधी ठरवा आणि तिथून मागे 50 दिवस मोजा. रोप तयार आणि वावर अडकलेलं असेल, तर रोप गादीवाफ्यावरच (रोपासाठी केलेल्या उंच वाफ्यावरच) जाड होतं. असं रोप वेळेत लावलं तरी डेंगळ्याचा धोका राहतोच.

मग अजून उशीर केला तर? तेही नको. कांद्याची प्रत्येक पात म्हणजे आतला एक पापुद्रा. दिवस मोठा होऊन ऊन तापायला लागलं की झाड पात वाढवणं थांबवून गड्डा धरतं. जानेवारीच्या शेवटी लावलेल्या झाडाला तोवर पातीच कमी असतात, मग गोल्टी, म्हणजे बारीक कांदाच जास्त निघतो. शिवाय मार्चपासून फुलकिडे वाढतात आणि काढणी वळवाच्या पावसात सापडते. भिजलेला कांदा साठवणीच्या कांदाचाळीत टिकत नाही.

जातही हंगामाचीच घ्या. एन-2-4-1, भीमा किरण, भीमा शक्ती, ॲग्रीफाउंड लाईट रेड या रब्बीला, म्हणजे उन्हाळ कांद्याला चालतात. खरिपाचं उरलेलं बसवंत 780 किंवा एन-53 यात वापरू नका. कांद्याचं बी वर्षभरात उगवण गमावतं, म्हणून बी ताजंच असू द्या. एकराला 3 ते 4 किलो बी आणि सुमारे 2 गुंठे रोपवाटिका पुरते. गादीवाफ्यावर ओळीत पेरा. फेकून पेरलं की दाट जागी रोप मरतं आणि विरळ जागी माजतं.

उपटल्यावर रोप हातात घेऊन निवडा. फार जाड आणि अगदी सुतासारखं, दोन्ही बाजूला काढा. मजुरांना हे सकाळीच सांगा, दुपारी सांगून उपयोग होत नाही. लागवड 15 बाय 10 सेंटीमीटरवर करा. लागवडीला दोन महिने झाल्यावर युरिया देऊ नका, जोड कांदे आणि जाड माना त्यातूनच वाढतात.

एवढं करूनही चार-दोन डेंगळे दिसतीलच. दांडा मोडला तरी आतला टणक भाग तसाच राहतो. काढणीला ते कांदे वेगळे काढा आणि चाळीत न टाकता लगेच विका.