पाच वर्षांच्या मुलीसोबत गाड्यांची शर्यत

प्रश्न : सोलापूरच्या उन्हात दुपारी मुलीला बाहेर सोडता येत नाही, म्हणून घरीच 'मारिओ कार्ट ८ डिलक्स' हा गाड्यांच्या शर्यतीचा व्हिडिओ गेम खेळतो. पण तिची गाडी सारखी रस्ता सोडते, मग ती रडते. काय करावं?
– एक पालक, जुळे सोलापूर

उत्तर : या वयात वेग आणि वळण एकदम सांभाळणं जडच जातं. गाडी निवडताना अधिकच्या चिन्हाचं बटण दाबा. तिच्या गाडीला स्मार्ट स्टिअरिंग आणि ऑटो-अ‍ॅक्सिलरेट दोन्ही चालू करा. पहिल्यानं गाडी रस्त्यावर राहते, दरीत पडत नाही; दुसऱ्यानं ती आपोआप पळते. वेग ५० सीसीच, म्हणजे सगळ्यात कमी ठेवा. हात बसला की आधी ऑटो-अ‍ॅक्सिलरेट काढा, स्टिअरिंगची मदत बरीच नंतर. जॉय-कॉनची (हातात धरायच्या कंट्रोलरची) दोरी मनगटात हवीच, नाहीतर टीव्हीची काच जायची. चार शर्यतींचा एक कप झाला की बंद, हे सुरुवातीलाच सांगा. शर्यत मध्येच तोडली की रडारड ठरलेली.