मळ्यातल्या घोडीला झूल कोणती?

प्रश्न : सारंगखेड्याच्या यात्रेतून मारवाडी घोडी आणली. रात्री ती तारेच्या कुंपणात मोकळी असते. पहाटे गारठा फार. कोणती झूल घेऊ? – एक वाचक, शहादा

उत्तर : दादा, आधी घोडी कुडकुडते का ते बघा. अंगाने भरलेल्या, केस न कापलेल्या घोडीला रात्री पोटभर कडबा टाकलात तर आपली थंडी बहुधा सोसते. वैरण पचतानाच अंगात ऊब येते. म्हातारी किंवा रोडावलेली असेल तर झूल हवी.

तबेल्यातली सुती झूल मात्र नको. ती दवाने भिजते, आणि ओली झूल उघड्या पाठीपेक्षा वाईट. पाणी अडवणारी, तरी घामाची वाफ बाहेर सोडणारी घ्या. आतलं ऊबेचं भरण दर चौरस मीटरला १०० ग्रॅम पुरे.

माप छातीच्या मध्यापासून पुठ्ठ्याच्या मागच्या टोकापर्यंत, बाजूने घ्या. मी एकदा अंदाजाने मोठी झूल आणली. ती रात्रभर सरकत राहिली, मानेमागच्या उंचवट्यावर कातडी सोलली. महिनाभर खोगीर ठेवता आलं नाही. त्या घोड्याचे डोळे अजून आठवतात.

ऊन चढताच झूल काढा, खाली हात फिरवा. घाम लागला तर झूल जड आहे.